पाहुण्यापुरती ऊब

हेटी क्रॅबट्रीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला सहा इंचांचं एक भोक होतं आणि ते पाडायला तीन माणसं आली होती. एक मोजायला, एक पाडायला आणि एक पाडणाऱ्याकडे बघत उभा राहायला. घर भाड्याने घरं देणाऱ्या एका संस्थेचं, क्रॅबट्री नवरा-बायको तिथले एकेचाळीस वर्षांचे भाडेकरू. कोपऱ्यात बुरशी धरली म्हणून हेटीने पत्र टाकलं, तर संस्थेचं उत्तर आलं की बुरशी भिंतीतून येत नाही, ती राहणाऱ्यांमुळे येते. तुम्ही बटाटे उकडता, कपडे आत वाळवता, श्वास घेता, त्याची वाफ होते आणि ती भिंतीला बसते. छपराची पन्हळ तीन वर्षं फुटकी होती आणि पावसाचं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यावरून खाली उतरत होतं, ते कुणाला दिसलं नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तसा एप्रिलमध्ये तिथे एक्झॉस्ट फॅन बसला.

उन्हाळ्यात त्याने कुणाचं काही बिघडवलं नाही. इंग्लंडच्या उत्तरेतल्या या ऑल्डरशॉमध्ये उन्हाळा म्हणजे जूनमधले नऊ दिवस, त्यातले चार पावसाचे. सप्टेंबरात कुणी मोठी माणसं पाहणीला येणार होती म्हणून संस्थेच्या रंगाऱ्यांनी सगळ्या ओळीच्या मागच्या भिंती लोण्याच्या रंगात रंगवून काढल्या. आणि ऑक्टोबरात माळावरचा वारा सुटला तो थेट हेटीच्या स्वयंपाकघरात उतरला. फॅन चालू असला की ठीक, वाफ बाहेर जायची. बंद केला की त्याच भोकातून असा गार झोत यायचा की भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटायची. हेटी म्हणायची, याने कामाच्या वेळा नीट लावून घेतल्यात, दिवसातला एक तास घरातली ऊब बाहेर टाकायची आणि उरलेले तेवीस तास बाहेरची थंडी आत भरायची.

त्यातही अक्कल अशी की फॅन बरोबर हीटरच्या डोक्यावर. हीटर बिचारा खालून तापायचा आणि वरून त्याच्यावर माळ उतरायचा. त्या हीटरला लागून क्लेमची खुर्ची. क्लेम हा हेटीचा नवरा, वय अठ्ठ्याहत्तर, चौतीस वर्षं दगडाच्या खाणीत काढलेली आणि खाणीची निम्मी धूळ छातीत साठवून आणलेली. त्याला जिना चढवत नव्हता म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत आणला होता, आणि त्या खोलीतली गॅसची शेगडी संस्थेने त्यांच्याच भल्यासाठी म्हणून कायमची बंद केली होती. दिवसा बसायला जागा उरली ती हीच. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की खुर्ची इकडे सरकवली तर ओव्हनचं दार उघडत नाही, तिकडे सरकवली तर मागचं दार उघडत नाही. दोन्ही करून झालं होतं.

हेटीने आधी त्या भोकात भांडी पुसायचं फडकं कोंबलं. वाऱ्याने ते तासाभरात क्लेमच्या मांडीवर आणून टाकलं. शेजारच्या बेरिल स्नेथने सांगितलं, जुन्या पायमोज्यात वाळू भर आणि तो दाबून बसव. बेरिलला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर जुना पायमोजा हा एकच इलाज माहीत होता, घसा बसला तरी आणि बागेतल्या गोगलगाई वाढल्या तरी. मग हेटीने पुठ्ठा कापून चिकटपट्टीने लावला. वारा थांबला. आठ दिवसांत खिडक्यांना पाण्याच्या धारा लागल्या, बुरशी पुन्हा उगवली, आणि वर्षाची तपासणी करायला आलेल्या माणसाने ते बघून कळवलं असावं, कारण लगेच पत्र आलं की हवा जाण्याची सोय भाडेकरूने बंद केली आहे, हे करारात बसत नाही. हेटीने पुठ्ठा काढला आणि पत्र लिहिणाऱ्याच्या आईवडिलांपासून सुरुवात करून त्याच्या शिक्षणापर्यंत सगळ्याचा समाचार घेतला. क्लेमने तो शांतपणे ऐकला. ऐकणं हे त्याचं घरातलं काम होतं.

तिची जीभ सगळ्या गल्लीला ठाऊक होती. पण ही तोफ फक्त घरात चालायची. या उत्तरेकडच्या लोकांचं हे एक आहे. छप्पर उडालं आणि दारात आलेल्या माणसाने विचारलं कसं काय, तर म्हणतील, चाललंय, तक्रार नाही. पाय मोडला तर म्हणतील, जरा ठणकतोय. परक्यासमोर तक्रार करणं म्हणजे रडणं, आणि रडणं हे दक्षिणेकडच्या लोकांचं काम, लंडनवाल्यांचं. इथे दगडासारखं राहायचं आणि पाठीमागे मात्र त्या परक्याची सालं काढायची. यालाच ते मोठ्या अभिमानाने आपला स्वभाव म्हणतात.

ऑक्टोबरच्या अखेरीला, चार फोन झाल्यावर, संस्थेने माणूस पाठवायचं कबूल केलं. आदल्या दिवशी हेटी कामाला लागली. फरशी घासली, पडदा धुतला, चांगल्या कपबशा खाली काढल्या. त्या दिवशी सकाळी आठलाच ओव्हन लावून आल्याचा केक आत टाकला, मग बिस्किटं, मग उरलेल्या पिठाच्या छोट्या पोळ्या. बाहेरचा माणूस घरी येणार आणि त्याला गारठ्यात बसवायचं हे तिच्या आईने केलं नव्हतं, आजीने केलं नव्हतं. क्लेमला दाढी करायला लावून, गळपट्टी काढायला लावून खुर्चीत बसवलं. गळपट्टीत माणूस आजारी दिसतो, असं तिचं म्हणणं.

आला तो ज्युलियन फॉस, पस्तिशीचा, गुळगुळीत, गळ्यात ओळखपत्र. दारातच त्याने कोट काढला आणि म्हणाला, काय छान ऊब आहे हो तुमच्याकडे. हेटीला ते आवडलं, हे सांगायलाच हवं. तीन तास पेटलेल्या ओव्हनची ऊब होती ती. फॉसने केकचे तीन तुकडे खाल्ले, बोटं पुसली आणि तोच कागदी रुमाल हातात घेऊन फॅन चालू केला. रुमाल फॅनच्या जाळीला चिकटून बसला. "बघा, मस्त ओढतोय," फॉस म्हणाला. तो ओढतो याबद्दल कुणाचंच म्हणणं नव्हतं. तो बंद असताना काय करतो ते बघायला हवं होतं, पण सांगणार कोण?

"आणि तुमचं काय, मिस्टर क्रॅबट्री? थंडीचा काही त्रास?"

"चाललंय," क्लेम म्हणाला. "तक्रार नाही."

हेटीला वाटलं आता आपण बोलावं. ती म्हणाली, कधीमधी जराशी झुळूक येते इतकंच, तुम्हाला मुद्दाम त्रास द्यावा असं नव्हतं. फॉसने मान हलवत फॉर्मवर खुणा केल्या आणि केकची कृती विचारून निघून गेला. दार लागलं आणि हेटीची तोफ सुरू झाली, ती तीन दिवस थांबली नाही. केक गिळायला येतात मेले. नाक पुसायच्या कागदाने फॅन तपासतात. याच्या आईने याला थंड पाण्यात जन्माला घातला असता तर कळलं असतं. उंटावरचा शहाणा. क्लेम मधूनमधून हं म्हणत होता.

नोव्हेंबरात पुन्हा एक जण आला, या वेळी हातात डबा आणि कमरेला पेचकस असलेला खरा मेकॅनिक. हेटीने सकाळपासून मटणाची पाई ओव्हनमध्ये ठेवली होती, म्हणजे वर पिठाचं झाकण घालून भाजलेला दाट रस्सा, कारण मेकॅनिक माणूस नुसत्या बिस्किटावर कसा भागवायचा. त्यानेही कोट काढला. त्यानेही फॅन चालू करून कान लावला. म्हणाला, मोटर झकास आहे, मिसेस क्रॅबट्री, तुमच्यानंतरही चालेल. क्लेमला विचारलं, तर तक्रार नाही. मेकॅनिकने दोन वेळा वाढून घेतलं आणि वाहव्वा करत गेला. हेटीने त्याची बशी घासताना जी मुक्ताफळं उधळली ती बेरिलला भिंतीपलीकडून ऐकू गेली.

त्यानंतर सहा दिवसांनी क्लेमची छाती भरली. रुग्णवाहिका आली, तो दहा दिवस इस्पितळात राहिला आणि परत आला तेव्हा शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. त्याच्यामागोमाग नर्स आली. एबुन अडेवाले तिचं नाव, नायजेरियाची, अकरा वर्षं ऑल्डरशॉमध्ये घरोघर फिरणारी, आणि जिना, कुत्रा, नवरा, कशालाच न घाबरणारी. तिने क्लेमची छाती तपासली, त्याच्या खुर्चीच्या पाठीला एक छोटा थर्मामीटर लटकवला आणि त्याला विचारलं, कसं वाटतंय.

"चाललंय, तक्रार नाही."

"मी तुम्हाला नाही विचारलं, मी छातीला विचारलं, आणि ती तक्रार करतेय," एबुन म्हणाली. मग तिने हेटीला पुढच्या खोलीत नेलं. खोलीतलं तापमान अठरा डिग्रीच्या खाली उतरता कामा नये, ती म्हणाली, आणि तो बसतो तिथे आत्ता तेरा आहे. आणखी एकदा छाती भरली तर इस्पितळही फार काही करू शकणार नाही. "सोमवारी मी परत येईन. सोमवारी अठरा नसेल तर मला त्यांना हीदर बँकमध्ये पाठवायला सांगावं लागेल. वसंत येईपर्यंत."

हीदर बँक म्हणजे टेकडीवरचा वृद्धाश्रम. त्याचा वसंत हेटीला माहीत होता. गल्लीतली तीन माणसं हिवाळ्यापुरती म्हणून तिथे गेली होती आणि प्रेतं नेणाऱ्या लांबलचक काळ्या गाडीतून खाली आली होती. क्लेम तर त्या इमारतीखालून जायला नको म्हणून रस्ता बदलायचा. हेटी पलंगाच्या कडेला बसली, आणि बसल्या बसल्या तिने संस्थेला पुन्हा एकदा सोलून काढलं. दोनदा आले, दोनदा खाऊन गेले, आणि एकाही गाढवाला थंडी कळली नाही.

एबुनने हे सगळं ऐकून घेतलं. "ते आले तेव्हा स्वयंपाकघर असंच होतं? एवढंच गार?"

"असं कसं असेल? ओव्हन लावला होता. माणसं घरात येणार म्हटल्यावर."

"म्हणजे साहेबाला उबेत बसवलंत," एबुन म्हणाली, "आणि नवऱ्याला गारठ्यात."

हेटीकडे बोलायला बरंच होतं, या बाईला या घरात शहाणपण शिकवायला सांगितलं कुणी इथपासून. पण ती बाहेरची होती, त्यामुळे हेटीने ओठ मिटून घेतले.

"तिकडे इबादानला आमच्या आईचं छप्पर गळायचं," एबुन बॅग आवरत म्हणाली. "घरमालकाचा माणूस आला की आई त्याला बरोबर त्या गळतीखाली बसवायची आणि पाऊस पडेपर्यंत उठू द्यायची नाही. तुम्ही लोक गळतीखाली बादली ठेवता, बादलीवर टेबलक्लॉथ टाकता आणि त्यावर केक ठेवता." ती गेली. हेटीला तिचा राग आला, आणि तो नेहमीसारखा बोलून संपेना, कारण या वेळी बोलायचं कुणाबद्दल तेच समजत नव्हतं.

संस्थेला फोन करताना ती जन्मात पहिल्यांदा नम्र राहिली नाही. गुरुवारी फॉस येईल असं ठरलं.

गुरुवारी माळावर वारा असा सुटला होता की बेरिलच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण चार घरं ओलांडून गेलं. हेटी सकाळी उठली आणि तिचा हात सवयीने ओव्हनच्या बटणाकडे गेला. तो तिने मागे घेतला. कपबशा कपाटातच ठेवल्या. किटलीसुद्धा ओट्यावरून उचलून खाली ठेवली, कारण ती समोर असती तर हेटीच्याने राहवलं नसतं. क्लेमने कोट, टोपी, गळपट्टी घालून पुढच्या खोलीत पलंगावर बसायचं आणि बोलावल्याशिवाय यायचं नाही असं तिने सांगितलं. क्लेमने विचारलं, पाहुण्याला काय देणार आहेस? काही नाही, ती म्हणाली. क्लेमने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती म्हणाली होती की पाहुण्याला दारात उघडी उभी राहून भेटणार आहे.

फॉस आला आणि वास घेत आत शिरला. वास कसलाच नव्हता. हेटीने पाहुण्याचा घ्यावा तसा त्याचा कोट अदबीने काढून घेतला आणि पुढच्या दारापाशी खुंटीला लावला, तिथून तो सहज हाताला येणार नव्हता. मग त्याला क्लेमच्या खुर्चीत बसवलं. स्वतः समोरच्या स्टुलावर शाल गुंडाळून बसली. फॉसने खिशातून कागदी रुमाल काढला, तेव्हा ती म्हणाली, "तो राहू द्या. फॅन बंदच असू द्या. बसा."

तो बसला. बोलणं झालं हवेचं, रस्त्याच्या कामाचं. पाच मिनिटांनी त्याने किटली कुठे दिसते का ते पाहिलं. दहा मिनिटांनी कॉलर वर केली. या मुलखात कुणाच्या घरी दहा मिनिटं बसून चहा आला नाही तर माणसाला वाटतं घरात कुणी गेलं. फॉसने हळू आवाजात विचारलंही, मिस्टर क्रॅबट्री बरे आहेत ना? हेटीला आतून इतकं लाजल्यासारखं होत होतं की तिने स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या होत्या. पण ती उठली नाही. वाऱ्याचा एक झोत आला, भोकातून शीळ वाजली आणि फॉसच्या मांडीवरचे कागद उडून फरशीवर पसरले.

"हे नेहमी असं होतं?" तो म्हणाला.

"ऑक्टोबरपासून. तुम्ही केक खाल्लात त्या दिवशीही होत होतं. मी ओव्हन लावून ते झाकलं होतं, तो माझा गाढवपणा. बंद फॅन तुम्ही बघितलाच नाही, तो तुमचा. तुमच्या पाठीमागे थर्मामीटर आहे, वाचा."

त्याने मागे वळून वाचला. बारा. त्याचं नाक लाल झालं होतं, आणि एरवी तो गुळगुळीत चेहरा बघून तिला जे काय बोलावंसं वाटायचं ते आज वाटलं नाही, कारण पहिल्यांदाच तो चेहरा माणसाचा दिसत होता. तो उठला, मागच्या दाराने अंगणात गेला, कचऱ्याच्या डब्यावर चढून भिंतीशी खुडबुड केली आणि परत आला तेव्हा दात वाजत होते. बाहेरच्या बाजूला भोकावर झडपा असतात, त्याने सांगितलं, फॅन चालला की उघडतात, बंद झाला की आपोआप पडतात आणि वारा अडवतात. सप्टेंबरात रंगाऱ्याने झडपांच्या कडाही नीट रंगवाव्यात म्हणून त्या वर उचलल्या, रंगवल्या आणि तशाच वाळू दिल्या. त्या आता रंगाने वर चिकटल्यात. नवं झाकण बसवायला दहा मिनिटं लागतील.

दहा मिनिटं. हेटीच्या डोळ्यांपुढे दोन महिने उभे राहिले, इस्पितळातले दहा दिवस उभे राहिले. रंगाऱ्याच्या नीटनेटकेपणाबद्दल तिच्या तोंडात जे आलं ते तिने परक्यासमोर तसंच बाहेर जाऊ दिलं. फॉस ऐकत राहिला.

"मग बसवा."

"अडचण अशी आहे," फॉस कागद गोळा करत म्हणाला, "की आधीच्या दोन्ही फॉर्मवर राहणाऱ्याची तक्रार नाही असं लिहिलंय. तक्रार नसेल तर हे काम वसंतातल्या यादीत जातं. तातडीने माणूस पाठवायचा तर भाडेकरूने स्वतः सांगायला हवं आणि सही करायला हवी."

"मी सांगतेय की."

"करार मिस्टर क्रॅबट्रींच्या नावावर आहे."

झालं का आता. एकेचाळीस वर्षांपूर्वी कुणा टायपिस्टने बायकोचं नाव घालायची तसदी घेतली नव्हती, म्हणून आज हिची थंडी थंडी नव्हती. सोमवार चार दिवसांवर होता. सगळं त्या म्हाताऱ्याच्या जिभेवर येऊन थांबलं होतं आणि त्या जिभेला परक्यासमोर फक्त तीन शब्द येत होते. हेटीने त्याला हाक मारली.

क्लेम दारात येऊन उभा राहिला, टोपी, कोट, गळपट्टी आणि हात कोटाच्या खिशांत. फॉसने पेन उघडलं. हेटीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बोल रे, एकदा तरी बोल, पण फॉसने हाताने तिला थांबवलं. भाडेकरूनेच बोलायचं होतं.

"मिस्टर क्रॅबट्री, तुम्हाला इथे थंडीचा त्रास होतो का?"

क्लेमने ओठ हलवले. सवयीचे शब्द येताहेत हे हेटीला दिसलं. ते आले नाहीत. तो हेटीकडे बघत राहिला, रिकाम्या ओट्याकडे, विझलेल्या ओव्हनकडे आणि परत हेटीकडे.

"होतो," तो म्हणाला. "ऑक्टोबरपासून मला एक दिवस ऊब लागलेली नाही."

फॉस लिहू लागला. हेटी म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज त्या भोकाशी भांडत होतीस, हेटी. फॉसशी भांडत होतीस, मेकॅनिकशी भांडत होतीस. मला थंडी वाजतेय का हे तू विचारलंस कधी?" त्याने दम घेतला. "आणि मला वाटलं, सांगितलं तर तू फोन करशील आणि ते मला टेकडीवर नेतील. झाकली मूठ बरी."

तोफेत दारू उरली नव्हती. संस्था, रंगारी, मेकॅनिक, केक खाणारा हा पोरगा, सगळ्यांची तिने मापं काढली होती, फक्त आपलं माप घ्यायचं राहिलं होतं. फॉसने फॉर्म टेबलावर ठेवला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. इथे सही, तो म्हणाला, उद्या सकाळी आठला माणूस येईल.

क्लेमने उजवा हात खिशातून बाहेर काढला. चार बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक होती, मेणासारखी. खाणीतल्या यंत्राचा धक्का चौतीस वर्षं खाल्लेल्या माणसांची बोटं गारठ्यात अशी मरतात, हे हेटीला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. हा गडी दोन महिने हात खिशांत घालून, वर्तमानपत्राखाली ठेवून बसायचा, आणि तिने त्याला दोनदा म्हटलंही होतं की पोरासारखे खिशात हात घालून काय बसतोस. त्याने पेन उचललं. ते बोटांतून निसटून फरशीवर पडलं. त्याने पुन्हा उचललं, ते पुन्हा पडलं.

फॉस म्हणाला, नुसती खूण केली तरी चालेल.

"सही करेल तो," हेटी म्हणाली. "तुम्ही थांबा." तिने क्लेमला खुर्चीत बसवलं, शाल सोडली, ब्लाऊजची वरची दोन बटणं परपुरुषासमोर उघडली आणि तो दगडासारखा हात आत, काखेत धरून ठेवला. थंडीने तिच्या अंगावर काटा आला. फॉस फरशीकडे बघू लागला. बघू दे. क्लेम म्हणाला, अगं लोक आहेत. ती म्हणाली, असू देत, आणि बोटांत रक्त परत येऊन ती दुखायला लागेपर्यंत, क्लेमच्या तोंडून आई गं निघेपर्यंत, तिने हात सोडला नाही.